चहा घेतल्यावर थकवा जातो कुठे?

आम्ही तुमच्या बचत गटांच्या सहयोगिनी बोलतोय. कर्जाचे हप्ते, शेळीपालन, शिलाईकाम यांवर आपण या रेडिओवर नेहमीच बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे, पण तो रोज सकाळी आपल्याच चुलीवर उकळत असतो. चहा! चहा घेतला की झोप का पळते, डोकं का चालायला लागतं, आणि अंगातला थकवा नेमका जातो कुठे, हे आज आपण बघणार आहोत.

हा विषय घ्यायला तुम्हीच भाग पाडलंत. परीक्षा जवळ आल्या की गटाच्या बैठकीत एक प्रश्न हटकून येतो. "ताई, पोरगं बारावीला आहे. डोकं तल्लख होईल असं काही मिळतं का?" कुणी आई मुलासाठी रात्री दोनदा चहा ठेवते. कुणाचा मुलगा दुकानातून एनर्जी ड्रिंकचा डबा आणतो. कुणाला मोबाईलवर बुद्धी वाढवणाऱ्या गोळीची जाहिरात दिसलेली असते. दुसरी गोष्ट बायका विचारत नाहीत, नुसती सांगतात. "चहाशिवाय आमचा हातच चालत नाही बघा." या दोन्ही गोष्टींची मुळं एकाच ठिकाणी आहेत, ती म्हणजे मेंदूतल्या ॲडेनोसिन नावाच्या पदार्थात. नाव अवघड आहे, पण काम अगदी ओळखीचं आहे.

चुलीत लाकूड जळलं की राख उरते. राखेचा ढीग पाहिला की कळतं, आज चूल किती वेळ चालली. आपल्या शरीरातल्या पेशीसुद्धा इंधन वापरतात. ते इंधन वापरलं गेलं की मेंदूत ॲडेनोसिन साठत जातं. आपण जितका वेळ जागे, तितकं ते जास्त. झोपलो की ते हळूहळू कमी होतं. १९९७ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मांजरांना सहा तास सलग जागं ठेवून त्यांच्या मेंदूतलं ॲडेनोसिन मोजलं. जागेपणी ते चढत गेलं आणि झोप मिळाल्यावर उतरत गेलं. म्हणजे दिवसभराच्या जागरणाचा हिशोब मेंदू स्वतःच ठेवत असतो, आपल्या गटाच्या वहीसारखा.

ॲडेनोसिन नुसतं साठून राहत नाही, ते निरोपही पोचवतं. मेंदूतल्या पेशींवर त्याला बसायला खास जागा असतात. शास्त्रज्ञ त्यांना रिसेप्टर म्हणतात. त्या जागेवर ॲडेनोसिन बसलं की निरोप जातो, "बाई, आता जरा दमानं घे. झोपायची वेळ झाली." जांभया येतात, पापण्या जड होतात, एकच ओळ दोनदा वाचावी लागते.

आता चहा काय करतो ते सांगतो. त्यासाठी आपल्या एसटी स्टँडवर चला. गाडी लागली की गर्दीतले लोक काय करतात? खिडकीतून सीटवर रुमाल टाकतात. रुमाल काही प्रवासी नाही. तो तिकीट काढत नाही, कुठे जात नाही. पण तो सीटवर असला की दुसऱ्याला बसता येत नाही. चहा-कॉफीत जे कॅफीन असतं, ते म्हणजे हा रुमाल. त्याची घडण ॲडेनोसिनशी मिळतीजुळती असते. म्हणून ते त्याच जागेवर जाऊन बसतं, पण "दमानं घे" हा निरोप मात्र देत नाही. खरं ॲडेनोसिन उभंच राहतं. निरोप पोचला नाही, म्हणून आपल्याला वाटतं, थकवा गेला.

पण मैत्रिणींनो, थकवा गेलेला नसतो. प्रवासी गाडीच्या दारात उभेच असतात, उलट मागून आणखी येत राहतात. काही तासांनी शरीर कॅफीन बाहेर टाकतं. रुमाल उचलले जातात आणि उभी असलेली सगळी गर्दी एकदम बसते. दुपारच्या चहाच्या जोरावर आपण खुरपणीची शेवटची पात लावतो आणि संध्याकाळी अंग अगदी गळून जातं, त्यामागे हेही एक कारण असतं.

अशी दुसऱ्याची जागा अडवून बसणारी जी द्रव्यं असतात, त्यांना ॲडेनोसिन अडवणारी द्रव्यं म्हणायचं. कॅफीन हे त्यातलं जगात सगळ्यात जास्त घेतलं जाणारं. ते पहिल्यांदा वेगळं काढलं जर्मनीतल्या रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाने, १८१९ साली. त्याला कॉफीच्या बिया दिल्या होत्या गटे या प्रसिद्ध जर्मन कवीने. चहातलं द्रव्य आधी वेगळं समजलं जायचं, त्याला थेईन म्हणायचे. पुढे कळलं की दोन्ही एकच आहेत. दम्याच्या रुग्णांना थिओफायलिन नावाचं औषध देतात, ते कॅफीनच्याच भावकीतलं. तेही ॲडेनोसिनची जागा अडवतं. ते औषध घेणाऱ्या काही जणांना रात्री झोप येत नाही, हात थरथरतात, छातीत धडधडतं. अशा माणसाने वरून चहावर चहा घेतला तर त्रास वाढू शकतो. घरात कुणाचं असं औषध चालू असेल तर चहा किती चालेल, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

मेंदू मात्र आपल्याहून हुशार आहे. रोजच सीटवर रुमाल पडायला लागले की तो जादा सीट बसवतो. मग तेवढ्याच तरतरीसाठी एकाऐवजी दोन कप लागतात. आणि एखाद्या दिवशी चहा चुकला तर त्या जादा सीटवरसुद्धा ॲडेनोसिन बसतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकायला लागतं. हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला किंवा रमजानच्या पहिल्या रोजाला दुपारनंतर कपाळ धरून बसलेल्या बायका आपण पाहतो. पाणी नाही, अन्न नाही, हे कारण तर आहेच, पण रोज चार-पाच कप घेणारीच्या बाबतीत चहा चुकणं हेही त्यात असतं. ही डोकेदुखी साधारण शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होते आणि काही दिवसांत आपोआप थांबते. उपवासाच्या आधीच्या आठवड्यात एकेक कप कमी करत आणला तर त्रास कमी होतो.

आता येऊ आपल्या बारावीच्या पोरांकडे. जागा अडवली की झोप पळते, हे झालं. पण बुद्धी वाढते का? लक्षात जास्त राहतं का? हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी बरीच मेहनत घेतली आहे.

पहिली अडचण अशी की ॲडेनोसिनच्या जागा एका प्रकारच्या नाहीत, चार प्रकारच्या आहेत. मेंदूच्या कामात त्यातल्या दोन महत्त्वाच्या. एकीचं नाव ए-वन, दुसरीचं ए-टू-ए. ए-वन मेंदूत सगळीकडे पसरलेली आहे, आठवणी जिथे तयार होतात त्या भागातही भरपूर. ए-टू-ए मुख्यतः खोलवरच्या एका भागात, जिथून हालचाल आणि काम करायची उमेद सांभाळली जाते. कॅफीन दोन्हीकडे रुमाल टाकतं. मग तरतरी कुठल्या जागेमुळे आली, हे कळणार कसं?

त्यासाठी प्रयोगशाळेत अशी द्रव्यं तयार केली गेली, जी एकाच प्रकारची जागा अडवतात. डीपीसीपीएक्स हे ए-वनसाठी, एससीएच-५८२६१ हे ए-टू-ए साठी. नावं लक्षात ठेवू नका, एवढंच ठेवा की ही औषधं नव्हेत, ती शास्त्रज्ञांची अवजारं आहेत. विहिरीच्या मोटारीत बिघाड झाला की वायरमन एकेक फ्यूज काढून बघतो, तसा हा प्रकार. दुसरी युक्ती म्हणजे अशी उंदरं जन्माला घालायची, ज्यांच्यात त्यातली एक जागा मुळातच नाही. २००५ साली जपानमधल्या ओसाकाच्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा उंदरांना कॅफीन दिलं. ज्यांच्यात ए-वन नव्हती, ती उंदरं जागी राहिली. ज्यांच्यात ए-टू-ए नव्हती, त्यांच्यावर कॅफीनचा जागं ठेवणारा परिणाम झालाच नाही. म्हणजे झोप पळवण्याचं काम होतं ते मुख्यतः ए-टू-ए मधून.

आणि आठवणीचं काय? २०१४ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा एक प्रयोग छापून आला. लोकांना काही चित्रं दाखवली. लगेच नंतर काहींना २०० मिलीग्रॅम कॅफीनची गोळी दिली, काहींना नुसतीच दिसायला तशी गोळी. दुसऱ्या दिवशी, थोड्याशा बदललेल्या चित्रांमधला फरक कॅफीनवाल्यांनी जास्त चांगला ओळखला. खूप गाजावाजा झाला. पण शास्त्रात एकदा झालेल्या प्रयोगावर थांबत नाहीत. पुढे दुसऱ्या शास्त्रज्ञांनी तेच पुन्हा तपासलं आणि २०२० साली लिहिलं की हा परिणाम असलाच तर अगदी लहान आहे.

मग खात्रीने काय म्हणता येतं? थकलेल्या, झोप न झालेल्या माणसाचं लक्ष कॅफीनमुळे थोडा वेळ ताळ्यावर येतं. रात्रपाळीला, लांबच्या प्रवासात गाडी चालवताना त्याचा उपयोग होतो. पण ज्याची झोप पूर्ण झाली आहे, त्याची बुद्धी त्याने वाढत नाही. आणि दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. मुलगा चहाच्या जोरावर रात्री तीनपर्यंत जागला, म्हणजे वाचायला वेळ मिळाला, पण वाचलेलं मुरायला वेळ उरला नाही. लोणचं घातलं आणि दुसऱ्याच मिनिटाला बरणी उपडी केली, असं ते झालं.

दुकानातल्या एनर्जी ड्रिंकचंही बघू. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे अशा पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफीन असू शकतं. म्हणजे पाव लिटरच्या डब्यात जास्तीत जास्त ७५ मिलीग्रॅम, शिवाय साखर. मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी हे योग्य नाही, असं डब्यावर छापावं लागतं. पण अक्षरं बारीक असतात. पुढच्या वेळी डबा हातात आला की मुलीकडून ती ओळ मोठ्याने वाचून घ्या.

मोबाईलवरच्या गोळ्यांबद्दल मात्र आम्ही स्पष्टच सांगतो. घेऊ नका. मेंदूतल्या या जागा अडवणं हा पोरखेळ नाही. ॲडेनोसिन मेंदूला शांत ठेवतं. जागा फार अडवल्या गेल्या तर झटके येऊ शकतात. थिओफायलिनचा डोस जास्त झाला की हा धोका असतो, म्हणून डॉक्टर ते जपून देतात. ए-टू-ए अडवणाऱ्या टोझाडेनन्ट नावाच्या एका नव्या द्रव्याची कंपवाताच्या रुग्णांवर चाचणी चालू होती. काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक कमी झाल्या, काहींचा जीव गेला, आणि २०१७ साली ते काम बंद करावं लागलं. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, नियमित रक्त तपासत असताना. मग पाकिटावर पत्ता नसलेली भुकटी आपल्या लेकराच्या पोटात कशी घालायची?

या संशोधनातून चांगलंही निघालं आहे. इस्ट्राडेफायलिन नावाचं ए-टू-ए अडवणारं औषध कंपवातासाठी जपानमध्ये २०१३ साली आणि अमेरिकेत २०१९ साली मंजूर झालं. मूळ औषधाचा असर उतरून रुग्ण आखडून बसतो, तो वेळ या औषधाने कमी होतो. विसरभोळेपणाच्या आजारावर अशा द्रव्यांचा उपयोग होईल का, यावर उंदरांमध्ये अभ्यास झाले आहेत. काही अभ्यासांत उंदरांची आठवण बरी राहिलेली दिसली. पण उंदीर आणि माणूस यांत मोठं अंतर असतं. माणसाची स्मरणशक्ती वाढवणारं असं औषध अजून कुणाकडे नाही. कुणी आहे म्हणून विकत असेल, तर तो तुमचे पैसे घेतोय.

आता शेवटची आणि आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. ती पोरांची नाही, तुमची आहे.

आपण पहाटे उठतो. पाणी, झाडलोट, भाकरी, डबे, गुरं, मग रान. पोटात काय? एक कप चहा, फार तर बटर नाहीतर बिस्किट. दहा वाजता पुन्हा चहा, कारण भूक मरते. जेवण झालं की लगेच चहा, कारण सुस्ती येते. थकवा हा शरीराचा निरोप आहे आणि आपण दिवसभर त्याच्यावर रुमाल टाकत बसतो. पण तो निरोप नेमका कशाचा आहे, हे विचारतो का? कधी तो कमी झोपेचा असतो, कधी भुकेचा. आणि पुष्कळदा तो रक्त कमी असल्याचा असतो. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आपल्या गटात दहा जणी असतील, तर हिशोब तुम्हीच करा.

इथे चहा दुहेरी घात करतो. कॅफीन थकव्याचा निरोप अडवतं, आणि चहातली तुरट द्रव्यं जेवणातलं लोह अंगी लागू देत नाहीत. म्हणजे ज्या कारणाने आपण थकतो, तेच कारण जेवणाबरोबरचा चहा वाढवतो, आणि वरून झाकूनही ठेवतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली काढलेल्या आहाराच्या सूचनांमध्ये म्हटलं आहे की जेवणाआधी एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळावी. लोहाची गोळीही चहाबरोबर घेऊ नये.

त्याच सूचनांप्रमाणे दिवसाला ३०० मिलीग्रॅमच्या पुढे कॅफीन जाऊ नये. दीडशे मिलिलिटर चहात साधारण ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफीन असतं. भुकटी किती टाकली आणि किती उकळलं, यावर ते ठरतं. गरोदर बाईच्या शरीरातून कॅफीन फार हळू बाहेर पडतं. एरवी अर्धं कॅफीन जायला पाचेक तास लागतात, शेवटच्या महिन्यांत ते दहा तासांच्याही वर जातात. माला-एन सारख्या पाळणा लांबवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनाही जवळपास दुप्पट वेळ लागतो. एकच कप, पण सासूला झोप येते आणि सुनेला येत नाही, याचं कारण असंही असू शकतं. तिला कुणी नाजूक म्हणू नका.

चहा सोडा, असं आम्ही म्हणत नाही. पाहुणा आला, चहा नाही, असं आपल्या घरात व्हायचं नाही. एवढंच करू या. सकाळी चहाच्या आधी किंवा चहाऐवजी शिळी का होईना, भाकरी पोटात जाऊ दे. जेवण आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवू. दिवस मावळल्यावर चहा नको, कारण झोपायच्या सहा तास आधी घेतलेलं भरपूर कॅफीनही झोप तासाभराने कमी करतं, हे २०१३ साली तपासून पाहिलेलं आहे. परीक्षेच्या काळात मुलांना रात्री चहा देण्याऐवजी त्यांच्या खोलीतला दिवा वेळेवर बंद करू, आणि पहाटे उठवू. लहान लेकराला बशीत चहा ओतून द्यायची सवय मोडू.

आणि एक काम गटाचं. येत्या बैठकीत बचतीची वही लिहून झाली की आशाताईंना बोलवा आणि सगळ्याजणींचं रक्त तपासून घ्यायचा दिवस ठरवा. उपकेंद्रात ही तपासणी होते. आकडा कमी आला तर औषध आहे, गोळ्या आहेत, पालेभाजी, नाचणी, कडधान्यं आहेत, वर लिंबू पिळायचं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा. अंगातला थकवा खरोखरच गेला की नुसता झाकला गेला, ते त्या आकड्यावरून कळेल.

तुमच्या गटाने दिवस ठरवला की आम्हाला कळवा, आम्ही येऊ. चहा तुमच्याकडेच घेऊ, पण जेवणानंतर एका तासाने! नमस्कार.